किनाऱ्यावरचा टॉवर सोलापुरात आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या आर्किटेक्ट मुंबईत समुद्राजवळच्या निवासी टॉवरांवर काम करून आता सोलापुरात परतल्या आहेत. जुळे सोलापूर भागात १४ मजल्यांची, मजल्यावर चार घरं अशी इमारत त्यांच्याकडे आली आहे. बिल्डरना वरळीतल्या एका टॉवरचा नकाशा आणि दर्शनी भाग आवडलाय, आणि ‘हाच बसवा’ असं त्यांचं म्हणणं आहे. त्यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं आणि पश्चिमेच्या अख्ख्या काचेबद्दल बिल्डरना काय सांगायचं, हे त्यांना हवं आहे.

माझं मत आधीच सांगतो. जिना-लिफ्टचा गाभा, गाड्यांची मांडणी, डक्ट (पाइप-वायरींसाठीची उभी पोकळी), अग्निसुरक्षेची शिस्त हे सगळं बिनधास्त घ्या. मुंबईतल्या लोकांनी या गोष्टी घासूनपुसून नीट केलेल्या आहेत. खिडक्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कन्या मात्र कोऱ्या कागदावर काढा. किनाऱ्यावरचं घर दिवसरात्र उघडं ठेवायचं असतं. सोलापुरात उन्हाळ्यात तेच घर दिवसा मिटायचं आणि रात्री उघडायचं असतं. पुढचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

मे महिन्यातली मुंबई बघा. दुपारी ३३ अंश, पहाटे २७. दिवसरात्रीत जेमतेम सहा अंशांचा फरक, आणि हवेत दमटपणा एवढा की घाम वाळत नाही. अशा वेळी अंगावरून वारा जाणं हा एकच दिलासा. बाहेरची हवा त्वचेपेक्षा फारशी गरम कधी नसते, म्हणून खिडकी केव्हाही उघडली तरी फायदाच. रात्री बाहेर गारवा नसल्यामुळे जाड भिंतीत तो साठवून ठेवण्याचाही प्रश्न नाही. म्हणून किनाऱ्यावरचा चांगला टॉवर अंगाने सडपातळ असतो, प्रत्येक घराला समोरासमोर किंवा निदान काटकोनात दोन बाजू उघड्या मिळतात, आणि दिवाणखान्यातून शिरलेला वारा स्वयंपाकघराकडून बाहेर पडतो.

किनाऱ्यावरची खरी अडचण अशी की वारा, समुद्राचं दृश्य, संध्याकाळचं ऊन आणि झोडपणारा पाऊस हे चारही एकाच पश्चिम बाजूने येतात. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, याच पेचाचं उत्तर आहे. ८४ मीटर उंची, ३२ घरं, आणि इमारतीचं तोंड पूर्व-पश्चिम, कारण वारा आणि समुद्र तिकडेच. मग ऊन-पावसाचं काय? जुन्या बंगल्यांना भोवताली व्हरांडा असायचा. त्यांनी तोच व्हरांडा उंचावर नेला आणि कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढल्या. राहायच्या खोल्या त्या गच्च्यांच्या मागे सावलीत राहिल्या. आता मुंबईत गेलात की तिचे फोटो बाहेरून काढू नका, तिचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मिळवून वहीत काढा. हवामानाचं उत्तर सेक्शनमध्ये सापडतं.

वरळीच्या ज्या टॉवरचा फोटो बिल्डरांकडे आहे, त्यात बहुधा हा व्हरांडा गळून काच उरलेली असणार. तिथे ती एसी आणि समुद्राच्या दृश्याच्या जोरावर चालते. आपल्याकडे समोर समुद्र नाही आणि वीजबिल सोलापूरच्या पगारातून भरायचं आहे.

सोलापूरला मेमध्ये दुपारी ४० ते ४२ अंश आणि पहाटे २५-२६ हे नेहमीचं. म्हणजे दिवसरात्रीत पंधरा-सोळा अंशांची दरी. ही दरी हेच आपलं भांडवल आहे. दुपारी बाहेरची हवा अंगापेक्षा गरम, तेव्हा खिडकी उघडणं म्हणजे झळ घरात घेणं. रात्री दहानंतर तीच हवा फुकटचा गारवा देते. दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद असलेली जुनी घरं दिवसभर दारं-खिडक्या लोटून बसायची आणि रात्री माणसं गच्चीवर झोपायची, ते याचमुळे.

हा फरक मी म्हणतो म्हणून मानू नका, नियमातच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत, उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किती टक्के हवं, हे हवामानानुसार दिलंय. मुंबई-रत्नागिरीसारख्या उष्ण-दमट भागाला किमान १६.६६ टक्के, सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या भागाला किमान १० टक्के. नियम अख्ख्या घरावर मोजतो, पण समजायला एक खोली घेऊ. ३ बाय ३.६ मीटरची, म्हणजे १०.८ चौरस मीटर. मुंबईत तिला १.८ चौरस मीटर उघडं तोंड लागेल, सोलापुरात १.०८. आता सगळीकडे बसते ती दोन पल्ल्यांची स्लायडिंग घ्या. ती कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. म्हणजे मुंबईत ३.६ चौरस मीटरची खिडकी लावावी लागेल. तुमच्या नकाशातल्या भिंतभर खिडक्या अशाच मोठ्या झालेल्या असणार. त्याऐवजी बिजागरीची खिडकी लावली तर संहिता ९० टक्के उघडी धरते. सोलापुरात मीटरभर रुंद आणि १.२ मीटर उंच खिडकीत काम होतं आणि काच तिपटीने कमी होते.

मी स्वतः झोपायच्या खोल्यांत बारा-तेरा टक्क्यांपर्यंत जातो, कारण जून ते सप्टेंबर आपल्याकडेही हवा दमट असते आणि तेव्हा आरपार वारा हवाच. शिवाय डासांच्या जाळीने वारा बराच अडतो, तेवढी भर घालावी लागते. पण तो सगळा भाग उघडणारा हवा. जमलं तर खिडकीच्या वर फूटभर उंचीचा वेगळा झरोका द्या, गज आणि जाळीसकट. खालची खिडकी बंद ठेवून तो रात्रभर उघडा ठेवता येतो, आणि वर साचलेली गरम हवा त्यातून निघून जाते. जुन्या घरांत दारावर व्हेंटिलेटर असायचा, तो आपण उगाच घालवला.

आता ऊन. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. चार फूट उंच खिडकीवर दोन फूट बाहेर येणारा छज्जा दिला, तर फेब्रुवारीच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरदुपारी काच पूर्ण सावलीत राहते, आणि डिसेंबरात हवंसं ऊन आत येतं. दक्षिण ही आपल्याकडे सोपी बाजू आहे. उत्तरेलाही छोटा छज्जा हवा, मे-जुलैत तिथे ऊन येतं, पण भरदुपारी ते उंचावरून येतं.

पश्चिमेचं गणित वेगळं. मेमध्ये घड्याळात साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंशांवर असतो. त्याच चार फुटी खिडकीला तेव्हा सावलीत ठेवायचं तर सहा फुटी छज्जा लागेल, आणि साडेपाचला तोही पुरणार नाही. पश्चिमेला आडवा छज्जा हरतो. तिथे उभे पाखे, जाळीची भिंत, बाहेरून सोडायचे बांबूचे चिक किंवा सरकत्या झडपा लागतात. काचेच्या आत लावलेला पडदा उजेड अडवतो, उष्णता नाही, ती तोवर घरात आलेली असते.

म्हणून इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा आणि पश्चिमेच्या आखूड बाजूला जिना, लिफ्ट, न्हाणीघरं, डक्ट आणि भिंतीतली कपाटं लोटा. पण पश्चिम पूर्ण आंधळी करू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून असतो आणि रात्रीचा गारवा आत आणायला तोच लागतो. अरुंद, उंच, बाहेरून झडप असलेली, पूर्ण उघडणारी फट ठेवा. दिवसा बंद, रात्री उघडी. तुमच्या आराखड्यात सगळ्यात जास्त वेळ या एका तपशिलावर जाऊ द्या. वरच्या मजल्यांवर वारा जोरात असतो, म्हणून झडपेला पक्का अडकण द्या. रात्री आपटणारी झडप माणसं दोन दिवसांत खिळा मारून बंद करून टाकतात.

हे न केल्यावर काय होतं ते विजापूर रोडवरच्या एका नवव्या मजल्यावर मी पाहिलंय. मे महिना, रात्रीचे साडेआठ. बाहेर वारा सुटलेला. मुलांच्या खोलीची पश्चिम भिंत काँक्रीटची, १५० मिमी जाड. तळहात टेकवला तर रंगाखालून ऊब अशी येत होती की हात आपोआप मागे घ्यावासा वाटला. पलंग त्या भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलेला, त्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. स्लायडिंगचा एक पल्ला सरकवलेला, आणि त्याच्या खाली डक्टमध्ये खालच्या आठ मजल्यांचे एसीचे आउटडोअर युनिट एकावर एक. सगळ्यांची गरम फुंकर चढत चढत या खिडकीशी येत होती. घरच्या बाई म्हणाल्या, खिडकी उघडली तर ही हवा, बंद केली तर ती भिंत. तुमचा नकाशा तसाच आला तर चौदा मजल्यांवर हेच होणार आहे, म्हणून एवढं लिहितोय.

तिथली चूक सोपी होती. मुंबईत अ‍ॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये, साइटवर ज्याला सगळे मिवान म्हणतात, भिंतीसकट सगळं काँक्रीटमध्ये ओततात. काम भराभर होतं, आणि हवेत एवढी दरी नसल्याने तिथे ते निभतंही. पण काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याच्या, आठ-नऊ पट सहज जाते, आणि दुपारी चारला तापलेली सहा इंची भिंत चार-एक तासांनी, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी, ती आत सोडते. आपल्याकडे कॉलम-बीमचा सांगाडा आणि २०० मिमी एएसी ब्लॉक हे मला सगळ्यात व्यवहार्य वाटतं. मिवानच करायचं असेल तर पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून उष्णतारोधक थर द्या. त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर शेवटी पैसे कमी पडले की पहिला तोच थर कापला जातो. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारून घ्या. आपल्या दिवसरात्रीच्या फरकाने तिथे चीर हमखास पडते.

गच्चीवर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याच्या वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, खाली उष्णतारोधक थर. शेवटच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला दुवा देतील.

बाल्कनीबद्दल माझा आग्रह आहे. सोलापूरकराचं उन्हाळ्यातलं अर्धं घर म्हणजे गच्ची. कुरडया-पापड वाळवणं तिथे, झोपणं तिथे. १४ मजल्यांच्या इमारतीत ५६ कुटुंबांना एक गच्ची, आणि तिचाही बराच भाग टाक्या नि सोलर पॅनेलखाली. तेव्हा प्रत्येक घराला एक तरी बाल्कनी सात फूट खोल द्या, जिच्यात खाट आडवी मावेल आणि बाजूने माणूस जाईल. २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात, धरली जाते, म्हणून बिल्डर तीन-चार फुटांवर आणायला बघतात. तीन फुटांची बाल्कनी कपडे वाळत घालण्यापलीकडे कामाची नाही. दोन छोट्यांपेक्षा एक खोल बाल्कनी मागा, क्षेत्रफळ तेवढंच राहतं. तीच खोल बाल्कनी मागच्या खिडकीला दिवसभर सावली देते. कठडा आरपार वारा जाणारा ठेवा, काचेचा नको. लहान मुलं चढतील अशा आडव्या पट्ट्याही नकोत.

याच बाल्कनीत कूलरची जागा काढा. मुंबईत कूलर म्हणजे दमटपणात भर. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो खरंच गारवा देतो आणि एसीच्या कितीतरी कमी विजेत. त्याच्यासाठी नळ, निचरा आणि प्लग आधीच काढून ठेवा, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला वाट ठेवा. कूलर आत हवा ढकलतो, ती निघाली नाही तर खोली नुसती कोंदट होते.

काँक्रीटमध्ये दोन्हीकडचे शत्रू वेगळे आहेत. किनाऱ्यावर हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचतं आणि गंज चढला की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून पडतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्ग आहे: किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, आणि समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. तिथे रेलिंग, बिजागऱ्या, एसीचे ब्रॅकेट सगळंच मिठाला पुरून उरणारं लागतं, आणि खिडक्या आडव्या पावसाला टिकणाऱ्या. सांताक्रूझला वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस, आपल्याकडे ७०० च्या आसपास. तरी आपली खिडकी ढिली ठेवू नका. वळवाचा पाऊस धूळ घेऊन कुठल्या बाजूने येईल याचा नेम नसतो.

मीठ नाही म्हणून आपल्या सळया सुरक्षित, असं मात्र समजू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईला गंजापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण हळूहळू मारतो, आणि हे काम मध्यम आर्द्रतेत, ५० ते ७० टक्क्यांत, सगळ्यात वेगाने होतं. वर्षातला बराच काळ आपण त्याच पट्ट्यात असतो. त्यात क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, कमी झालं की वरचा थर सच्छिद्र राहतो. आयएस ४५६ कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस क्युरिंग सांगतं, मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४. बाजारात बहुतेक सिमेंट मिश्रच मिळतं, म्हणजे तुमचा आकडा १४. पाण्याची चणचण असलेल्या आपल्या गावात नेमकी इथेच काटकसर होते. स्लॅबवर पाण्याचे वाफे करा, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळा आणि उन्हाळ्यात स्लॅब संध्याकाळी टाका. हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या, तोंडी सांगून भागत नाही.

पायाचं फार लिहीत नाही. मुंबईत भरावाची जमीन आणि खाडीचा गाळ म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, येतात. आपल्याकडे काळी माती पूर्ण काढून कठीण मुरूम किंवा काळ्या पाषाणापर्यंत जा, आणि माती परीक्षणाचे बोअर इमारतीच्या चारही कोपऱ्यांत घ्या. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर आणि मुंबई दोन्ही विभाग ३ मध्ये आहेत. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आपल्यापासून लांब नव्हतं. खाली नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी स्टिल्टची रचना असेल तर तळमजल्याच्या कडकपणाबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारा. अग्निशमन दलाची शिडी तुमच्या शेवटच्या मजल्यापर्यंत पोहोचते का, हेही लेखी विचारा. उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची परवानगी तपासल्याशिवाय मजले जाहीर करू नका. २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळाला अडथळा म्हणून पाडावी लागली, ते सोलापुरात कुणाला सांगायला नको.

पाण्याचं मात्र मुंबईच्या नकाशात तुम्हाला काहीच मिळणार नाही. ५६ घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ३७,८०० लिटर. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. पाच दिवसांचा साठा धरला तर १ लाख ८९ हजार लिटर, आणि आगीसाठीचा साठा त्याव्यतिरिक्त. एवढी टाकी नंतर कुठे बसत नाही, ती पार्किंगची मांडणी करतानाच जमिनीखाली काढा. पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवा, आणि फ्लशला प्रक्रिया केलेलं पाणी फिरवायला दुसरा पाइप आत्ताच टाका.

आता बिल्डरशी बोलणं. त्यांना कोडचे आकडे दाखवून उपयोग नाही. मे महिन्यात रात्री नऊला त्यांच्याच एखाद्या जुन्या इमारतीत पश्चिमेच्या वरच्या घरात घेऊन जा, आणि ते घर विकल्यावर किती तक्रारी आल्या हे त्यांनाच आठवू द्या. मग दोन आकडे समोर ठेवा: पश्चिमेच्या काचेच्या दर्शनी भागाचा खर्च, आणि त्याच बाजूला ब्लॉकची भिंत, जाळी नि झडपांचा खर्च. काच सहसा महाग निघते. जाळीच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ सावल्या कशा पडतील याचं चांगलं रेंडर करून न्या, कारण त्यांना जाहिरातीला चित्र लागतं आणि ती गरज खरी आहे. एवढं करूनही ते काचेवर अडले, तर ती उत्तरेच्या बाजूला लिफ्ट लॉबीसमोर आणि खालच्या प्रवेशदालनाला द्या. रस्त्यावरून दिसेल आणि तिच्यामागे कुणाला झोपावं लागणार नाही.